फियाट-अँबेसेडरच्या इंजिनाचे भाग मूळ रूपात कसे आणावेत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अजूनही एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली जुनी फियाट किंवा अँबेसेडर दिसते. इंजिन उतरवलं की सगळं चंदेरी रंगवून टाकायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. कारखान्यातून निघताना प्रत्येक भागाचं रूप वेगळं होतं. कुठे रंग, कुठे उघडं ॲल्युमिनियम, कुठे झिंकचा (जस्ताचा) मुलामा, कुठे काळ्या फॉस्फेटचा गंजरोधक थर. तेच परत आणायचं आहे.

सुरुवात धुण्यानं करू नका. आधी फोटो काढा आणि मूळ रंग शोधा. डायनामोच्या ब्रॅकेटमागे, बोल्टच्या वॉशरखाली तो टिकून असतो. त्याच्याशी पडताळून शेड बनवून घ्या.

मग प्रत्येक भागाला लोहचुंबक लावा. बिडाला (कास्ट आयर्नला) ते चिकटतं, ॲल्युमिनियमला नाही. अँबेसेडरच्या 1489 सीसी इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. पद्मिनीच्या, म्हणजे आपल्याकडच्या फियाटच्या, 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. हे ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण गॅरेजमधलं कॉस्टिक सोड्याचं पाणी बिडाला चालतं, पण ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. पाण्याच्या पाइपाचा एक ॲल्युमिनियमचा एल्बो मी रात्रभर कॉस्टिकच्या ड्रममध्ये विसरलो होतो. सकाळी तो काळा, खड्डे पडलेला मिळाला. कार्बोरेटरची बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते, तीही कॉस्टिकपासून लांबच ठेवा. या भागांना रॉकेल, मऊ ब्रश आणि धीर पुरतो.

बिडाच्या भागांचा गंज काढायला ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेनं वाळूचा मारा, करून घेता येतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) असल्यानं बिडाची जाण असलेले कारागीर आपल्याकडे आहेत, ही मोठी सोय. फक्त तेलाच्या वाटा आधी घट्ट बंद करा. आत राहिलेला एक कण बेअरिंग खराब करतो. ॲल्युमिनियमला वाळू नको, बारीक काचेचे मणी वापरायला सांगा.

ब्लास्ट केलेलं बीड आपल्या पावसाळी हवेत काही तासांत लाल पडतं. त्यामुळे हे काम दसऱ्यानंतर काढा आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. त्यावर इंजिन इनॅमलचे पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो आणि तापल्यावर सुटतो. गॅस्केटच्या जागा टेपनं झाका, रंग अजिबात लागू देऊ नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या भागाला, साधा इनॅमल लावला तर जळतो, 600 अंश सोसणारा रंगच घ्या आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्यानं तापवून पक्का करा. जुनं एक्झॉस्ट गॅस्केट ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं घासू नका, ओलं करून काढा आणि तोंडाला मास्क लावा.

बोल्टांचं काम मात्र सावधपणे. ब्रॅकेट, कव्हर यांचे साधे बोल्ट झिंक प्लेटिंगला द्या. हेडचे स्टड आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट देऊ नका. प्लेटिंगच्या आम्लामुळे हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, आणि वरून छान दिसणारा बोल्ट ताण आल्यावर तुटतो. ते रॉकेलनं धुवा, आटे तपासा, शंका आली तर नवेच घ्या.

तयार भागांच्या उघड्या मशीन केलेल्या जागांना तेलाचा हात लावा, कोरड्या फडक्यात गुंडाळून घरातच ठेवा आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी बांधा.