आरसी गाडीचा कूलिंग फॅन: या चुका टाळा

माझ्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात आरसी गाड्यांचे, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचे, मेलेले फॅन साठवलेत. ईएससीवरचे, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटवरचे, ३० आणि २५ मिलिमीटरचे, मोटरवरचे ४० मिलिमीटरचे दोन-चार. रविवारी संध्याकाळी नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या घरी पोरं गाड्या दाखवायला आणतात, तेव्हा नव्या पोराच्या हातात मी आधी तो डबा देतो. त्यातला प्रत्येक फॅन मी उघडून पाहिलाय. वय होऊन गेलेले फार थोडे. बाकी सगळे हलगर्जीपणाने मारलेले आहेत, आणि चुका त्याच त्याच.

फॅन स्वस्त असतो म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण तो थांबला की ईएससीच्या हीटसिंकवरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरची, हवा थांबते. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ईएससीची सुरुवातच गरम अवस्थेतून होते. चांगला ईएससी साधारण १०० ते ११० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला बंद करून घेतो. स्वस्तातला तेवढी वाट बघत नाही, त्याचे एफईटी, म्हणजे करंट सोडणारे-तोडणारे ट्रान्झिस्टर, जळतात. दोन-अडीचशे रुपयांच्या फॅनपायी कित्येक हजारांचा ईएससी गेलेला मी पाहिलाय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पंक्चरवाल्याकडची हवा

ही चूक माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते.

बारावीतला एक मुलगा. पैसे साठवून घेतलेला वन-टेन स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराचा, शॉर्ट कोर्स ट्रक. मे महिन्यात त्याचा फोन आला, "काका, गाडी चार मिनिटं पळते आणि बंद पडते. थोडं थांबलो की परत चालू होते." असं कोणी म्हणालं की मी आधी पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, बदललाय का ते विचारतो. पिनियन कंपनीचाच होता. बॅटरी टू एसची, म्हणजे दोन सेलची, नेहमीचीच. म्हटलं, गाडी घेऊन ये.

स्विच चालू केला. फॅनने आधी एक झटका घेतला, मग घर्र करत फिरायला लागला, तोही इतका हळू की पाती दिसत होती. स्विच बंद केल्यावर चांगला फॅन क्षणभर तरी आपल्या गतीने फिरत राहतो. हा जागेवर थांबला. हब, म्हणजे पात्यांचा मधला भाग, दोन बोटांत धरून बाजूला हलवला तर शाफ्टची खडखड हाताला लागली.

विचारलं, याला काय केलंस? तो खुशीत म्हणाला, "काही नाही काका, उलट साफ करून आणला. त्र्यंबक रोडला पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली. असला फिरला, शिट्टीच वाजली!"

ती शिट्टी वाजली तेव्हाच फॅन गेला होता. ट्रकच्या टायरमध्ये हवा भरणाऱ्या कंप्रेसरचा झोत पात्यांवर पडला की फॅन त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पुढे जातो. त्याच्या आत साधं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, असतं आणि तेलाचा जेमतेम एखादा थेंब. बुश त्या वेगासाठी केलेलं नसतं, ते घासलं जातं आणि तेल बाहेर फेकलं जातं. पात्यांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात त्या वेगळ्याच. शिवाय फॅनच्या हबमध्ये चुंबक आहे आणि आत कॉइल आहे. बाहेरून फिरवलात तर तो जनरेटर होतो, आणि तयार झालेलं व्होल्टेज त्याच दोन वायरींतून उलटं आत जातं. भरीला, कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, तेही तेलासकट तुमच्या ईएससीवर उडतं.

मुलाच्या फॅनचं स्टिकर काढून दाखवलं. बुश कोरडं ठक्क, शाफ्टवर गोल ओरखडा. नवीन फॅन बसवला, आणि पुढच्या रविवारी पाथर्डी फाट्याजवळच्या प्लॉटवर गाडी आख्खी बॅटरी संपेपर्यंत पळाली. त्याचा ईएससी वाचला. त्याच्या आधी असाच एक जण आला होता, त्याचा नाही वाचला.

माझी सवय अशी. चार स्क्रू काढून फॅन हीटसिंकवरून उतरवतो. पात्यांमध्ये टूथपिक अडकवतो, म्हणजे फॅन फिरूच शकत नाही. मग अर्ध्या इंचाच्या रंगाच्या ब्रशने प्रत्येक पातं आणि हीटसिंकच्या फटी झाडून घेतो. कॅमेऱ्याची लेन्स पुसायला जो रबरी ब्लोअर मिळतो, त्याची हवा पुरते. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढं बसायला ज्याला जमत नाही त्याने हा छंद करू नये, असं मला मनापासून वाटतं. ही गाडी चालवण्याइतकाच वेळ सांभाळायला मागते.

बॅटरी वाढवली, फॅनचा विचारच केला नाही

टू एसच्या लायपोला, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीला, फुल चार्जवर ८.४ व्होल्ट असतात, तीन सेलच्या थ्री एसला १२.६. फॅनचं स्टिकर वाचा. कुठे ५ व्होल्ट लिहिलेलं असतं, कुठे ५ ते ८.४. काही ईएससींमध्ये, विशेषतः जुन्या, फॅनचा प्लग थेट बॅटरीच्या लाइनवर असतो. तिथे थ्री एस लावली की पाच व्होल्टच्या फॅनला अडीचपट व्होल्टेज जातं. पहिली दोन-तीन मिनिटं तो जोरात फिरतो आणि माणूस खूश होतो की कूलिंग वाढलं. मग वास येतो. ईएससीच्या माहितीपत्रकात फॅनची लाइन कुठून येते ते लिहिलेलं असतं, फक्त ते वाचत कोणी नाही.

दुसरी वाट जास्त फसवी आहे. फॅन रिसीव्हरवर, म्हणजे रिमोटचे सिग्नल घेणाऱ्या डबीवर, लावलेला असतो. तिथे बीईसीचे, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणाऱ्या सर्किटचे, ६ व्होल्ट येतात, सगळं ठीक असतं. मग कोणीतरी सल्ला देतो की सर्व्होला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरला, ताकद हवी तर बीईसी ७.४ वर ने. सर्व्हो हाय व्होल्टेजचा असल्याने तो मजेत चालतो. त्याच पट्टीवर बसलेल्या फॅनलाही ७.४ मिळायला लागतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही. महिन्याभरात फॅन जातो आणि दोष कंपनीला दिला जातो. बीईसीच्या सेटिंगला हात लावलात की रिसीव्हरवर काय काय लावलंय ते एकदा मोजा.

तिसरा जुगाड बॅलन्स वायरचा. थ्री एसच्या बॅलन्स प्लगमधून, म्हणजे प्रत्येक सेलची वायर असलेल्या चार्जिंगच्या प्लगमधून, दोनच सेलची लाइन काढायची आणि फॅनला ७.४ द्यायचे. ऐकायला हुशारीचं वाटतं. पण फॅन त्या दोनच सेलमधून करंट ओढतो, तिसरा भरलेला राहतो, आणि पॅकचा तोल बिघडतो. शिवाय ही लाइन ईएससीच्या स्विचच्या बाहेर असते. गाडी बंद करून तुम्ही घरी जेवायला बसता, फॅन मात्र फिरतोच आहे. सकाळी बघावं तर दोन सेल तीन व्होल्टच्या खूप खाली. अशी फुगलेली बॅटरी माझ्याकडे आणली होती, तेव्हा ती दुरुस्त करून देणं माझ्या हातात नव्हतं. तिची विल्हेवाट कशी लावायची एवढंच मी सांगू शकलो.

आपल्या मातीत लोखंड आहे

हे बाहेरच्या व्हिडिओंत सांगत नाहीत, कारण ते बनवणारे आपल्या मातीत गाड्या चालवत नाहीत. नाशिक दख्खनच्या बेसॉल्टवर बसलंय. या काळ्या खडकात मॅग्नेटाइट असतं, आणि खडक झिजून झालेल्या वाळूत ते उतरतं. खरं वाटत नसेल तर गोदावरीच्या पात्रातली मूठभर वाळू वाळवा, कागदावर पसरा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. काळे कण उभे राहून चुंबकामागे चालायला लागतात. माझ्या मुलीला हे दाखवलं तेव्हा तिने तो खेळ तासभर केला.

आता फॅनच्या हबमध्ये काय आहे? चुंबकाची गोल कडी. तिच्यात आणि कॉइलमध्ये फट अगदी कमी, मिलिमीटरच्याही आतली. ते कण तिथे जाऊन चिकटतात आणि ब्रशने निघत नाहीत. फॅन खरखरतो, जड होतो, आणि एके दिवशी अडकतो. अडकलेला फॅन थांबलाय म्हणून सुरक्षित आहे असं समजू नका. फिरत नसल्याने उलटं व्होल्टेज तयार होत नाही, करंट वाढतो, आणि कॉइल किंवा आतली बारीक चिप जळते.

याहून वाईट म्हणजे अंबड-सातपूर भागातले वर्कशॉपच्या मागचे प्लॉट. जागा मोकळी आणि सपाट, पोरांना मोह होतो. तिथे ग्राइंडिंगचा आणि लेथचा लोखंडी कीस जमिनीत मिसळलेला असतो. मी स्वतः एमआयडीसीत काम करतो, ती धूळ मला रोज दिसते. अशा प्लॉटवर एकच दिवस चाललेल्या गाडीची मोटर उघडली, तर रोटरवर कीस केसांसारखा उभा होता. तिथे गाडी नेऊच नका. वाळूत किंवा मुरमावर नेलीत, तर घरी आल्यावर फॅन काढून हबच्या कडेवर निळं चिकटवायचं पुट्टी-डिंक दाबून उचला, पोस्टर लावायला वापरतात ते. कण त्याला चिकटून निघतात. सेलो टेपही चालते, पण ती कडेच्या फटीत जात नाही.

पावसाळा आणि चिखल

वॉटरप्रूफ ईएससी म्हणजे वॉटरप्रूफ फॅन नव्हे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी ईएससीवरचा फॅन काढूनच ठेवतो, हवाही तेव्हा गार असते. गिअरिंग थोडं हलकं करतो, म्हणजे लहान पिनियन लावतो, आणि मधून मधून हीटसिंकला हात लावून बघतो. काळ्या मातीचा चिखल पात्यांवर वाळला की सिमेंटसारखा होतो, आणि तोही एकाच बाजूला. मग फॅन डगमगतो आणि बुश खातो. चिखल ओला असतानाच पुसा. वाळल्यावर खरवडलात तर पातं मोडेल.

एक पातं मोडलं तर समोरचं कापून तोल साधायचा, असं सांगणारे आहेत. ऐकू नका, फॅन बदला.

बाकीच्या चुका थोडक्यात. फॅनचे स्क्रू बोटांच्या ताकदीने आवळा. जोर लावलात तर चौकट वाकते आणि पाती तिला घासतात. कंपनीच्या स्क्रूपेक्षा लांब स्क्रू वापरू नका. फॅनची आणि मोटरच्या सेन्सरची वायर केबल टायने बांधा. सैल वायर उडी मारताना पात्यांत जाते, आणि अडकलेल्या फॅनचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. लाल-काळी वायर उलटी जोडू नका. फॅनमधली हवा स्टिकर आणि आडव्या दांड्या असलेल्या बाजूने बाहेर पडते, म्हणून ती बाजू हीटसिंककडे यायला हवी. गंज सोडवणारा स्प्रे फॅनमध्ये मारू नका, तो असलेलं तेल धुऊन नेतो. तेल घालायचंच तर शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर मावेल तेवढं, स्टिकरखाली. बॉडी फॅनला टेकतेय का ते गाडी दाबून बघा, आणि मागच्या बाजूला गरम हवेला वाट ठेवा.

गाडी थांबवली की लगेच स्विच बंद करण्याची घाई सगळ्यांनाच असते. मी बॉडी काढतो आणि फॅन दोन-तीन मिनिटं चालू ठेवतो. हीटसिंकमध्ये साठलेली उष्णता फॅनच्या प्लास्टिकला आणि तेलाला मिळू नये म्हणून. उद्धट वाटेल, पण जो पोरगा ही तीन मिनिटं थांबतो त्याच्या हातात मी माझी गाडी देतो, दुसऱ्याच्या नाही.

आणि एक, मोठा पिनियन लावून वाढलेली उष्णता दुसरा फॅन लावून झाकू नका. दोन फॅनचा ताण बीईसीवर येतो, आणि मूळ दुखणं तिथेच राहतं.

शेवटचं, बदली फॅन घेताना. एम.जी. रोडला किंवा ऑनलाइन, थ्रीडी प्रिंटरचे ३० आणि ४० मिलिमीटरचे फॅन सहज मिळतात. दिसायला हुबेहूब, स्क्रूची भोकंही जुळतात. पण ते बहुतेक १२ किंवा २४ व्होल्टचे असतात. सहा व्होल्टवर ते कण्हत फिरतात किंवा फिरतच नाहीत, आणि तुम्ही बॉडी लावून निघून जाता. दुकानात जाण्याआधी जुन्या फॅनच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. व्होल्टेज, जाडी आणि प्लगचा आकार, तिन्ही दिसतील असा. आणि घेताना दोन घ्या, एक गाडीवर आणि एक पिट बॉक्समध्ये, म्हणजे सोबतच्या हत्यारांच्या पेटीत.