विमान कंपनीचा पगार लांबू लागला, की काय करावे आणि केव्हा

जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघाले, तेव्हा तिच्या हजारो कर्मचाऱ्यांचे पगार आधीच रखडलेले होते. कंपनी पुन्हा उभी राहील ही आशा त्यानंतर अनेक वर्षे टिकून होती. जून २०१९ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, जून २०२१ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली आणि अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून ती कायमची बंद करण्याचा, आदेश दिला. करोनाच्या काळातही वाट पाहणे असेच लांबले. देशांतर्गत प्रवासी उड्डाणे दोन महिन्यांत सुरू झाली, पण नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत बंद राहिली. म्हणून पुढील सूचना कामावरून कमी केल्याचे पत्र हाती पडल्यानंतरच्या नाहीत. पहिला पगार उशिरा जमा होतो, त्या दिवसापासूनच्या आहेत.

पहिले काम कागद जमवण्याचे. कंपनीचा ई-मेल आणि मनुष्यबळ विभागाचे पोर्टल चालू आहे तोवर नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, निदान दोन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, शिल्लक रजेचा तपशील आणि फॉर्म १६ उतरवून स्वतःच्या खासगी ई-मेलवर व कागदावर ठेवावेत. प्रवाशांची माहिती किंवा कंपनीचे गोपनीय कागद त्यात मिसळू नयेत. फक्त स्वतःचे घ्यावे. पगारातून कापलेला प्राप्तिकर सरकारकडे भरला गेला आहे का, हे प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत, म्हणजे फॉर्म २६एएस मध्ये, पाहावे, कारण अडचणीतली कंपनी कर कापून तो भरत नाही असे घडते आणि मग नोटीस कर्मचाऱ्याच्या घरी येते. करकपात सिद्ध करायला त्या वेळी पगाराची स्लिपच उपयोगी पडते.

ज्यांचे काम परवान्यावर चालते, त्यांच्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अनुभवाची नोंद. वैमानिकांनी लॉगबुक आणि विमान देखभाल अभियंत्यांनी कामाच्या नोंदी अधिकृत सही-शिक्क्यासह पूर्ण करून घ्याव्यात. सही करणारा अधिकारीच नोकरी सोडून गेला, तर तो अनुभव खरा असूनही सिद्ध करणे कठीण होते. अभियंत्याला परवान्याचे अधिकार वापरण्यासाठी मागील दोन वर्षांत सहा महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि वैमानिकाला प्रवासी घेऊन उडण्यासाठी मागील ९० दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झालेली असावी लागतात. घरी बसलेल्या वैमानिकाची ही अट लवकरच मोडते आणि ती पुढे सिम्युलेटरवर भरून काढता येते, मात्र मेडिकल, म्हणजे परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी, चुकवू नये. पैशांची ओढाताण असताना परवाना व मेडिकल चालू ठेवण्याचा खर्च टाळावासा वाटतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी कापावा असा खर्च आहे, कारण भरती सुरू होते तेव्हा चालू परवाना आणि चालू मेडिकल असलेल्यालाच आधी बोलावले जाते.

दबावाखाली राजीनामा लिहून देऊ नये. 'स्वतःहून गेलात तर पुढे बोलावणे सोपे जाईल' असे तोंडी सांगितले जाते. परंतु राजीनामा दिला की कामगाराला नोकरकपातीची भरपाई, म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन, मागता येत नाही. अशी मागणी आली तर ती लेखी द्या म्हणावे आणि उत्तरही लेखी द्यावे. बिनपगारी रजेचा प्रकार वेगळा आहे. २०२० मध्ये एअर इंडियाने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना आणली होती. अशा रजेत नोकरी कागदावर राहते, म्हणून आरोग्य विमा, सेवेची सलगता, रजेची मुदत आणि त्या काळात दुसरीकडे काम करण्याची मुभा, या चार गोष्टींचे लेखी उत्तर घेतल्याखेरीज संमती देऊ नये.

ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून ठेवावा. कायम नोकरीत पाच वर्षे सलग सेवा झाली असेल, तर राजीनामा दिला तरी ती मिळते. अखेरचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे, असे तिचे सूत्र आहे. वेतन ५२,००० रुपये आणि सेवा आठ वर्षे असेल, तर २,४०,००० रुपये होतात. कमाल मर्यादा २० लाखांची आहे. केबिन क्रू आणि वैमानिकांच्या पगारात उड्डाणभत्त्याचा वाटा मोठा असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरची रक्कम वेतनात धरली जाते. कंपनीने केलेला हिशेब या कसोटीवर तपासावा.

भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक दर महिन्याला उघडून पाहावे. पगारातून कापलेली रक्कम जमा झालेली नसेल, तर ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या) तक्रार पोर्टलवर लगेच लेखी तक्रार करावी. निधी कंपनीच्या स्वतंत्र ट्रस्टकडे असेल, तर शिलकीचे पत्रक ट्रस्टकडून मागून घ्यावे.

कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर बरेच जण जुन्या वाटेनेच कामगार न्यायालयाकडे वळतात आणि येथेच मोलाचा वेळ जातो. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने प्रक्रिया सुरू केली की कंपनीविरुद्धचे दावे व वसुली स्थगित होते. थकबाकी मागायची ती प्रक्रिया चालवण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे रिझोल्युशन प्रोफेशनलकडे. त्यासाठी कामगार व कर्मचाऱ्यांचा नमुना 'डी' असतो, आणि संघटनेने सर्वांच्या वतीने एकत्र दावा करायचा असेल, तर नमुना 'ई'. वृत्तपत्रातील जाहीर सूचनेत दिलेली तारीख पाळावी. ती हुकली, तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून निदान ९० दिवसांपर्यंत दावा करता येतो. थकीत पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी वेगवेगळ्या ओळींत लिहावेत, एकच बेरीज लिहू नये, कारण कायद्यात त्यांचे स्थान वेगवेगळे आहे. अवसायनात कामगारांचे मागील २४ महिन्यांचे येणे तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरले जाते, इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे येणे त्याखाली येते, आणि भविष्यनिर्वाह व ग्रॅच्युइटी निधीतील रक्कम विक्रीच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. जेटच्या कर्मचाऱ्यांनी हा मुद्दा लढवला. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी अपील न्यायाधिकरणाने निधी व ग्रॅच्युइटी पूर्ण देण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. हे यश संघटनांनी एकत्र राहून मिळवलेले आहे, म्हणून एकट्याने वकील करण्याआधी आपल्या विभागाचा गट बांधावा. दावा दाखल केल्याची पोच आणि मंजूर दाव्यांच्या यादीतले आपले नाव, दोन्ही पाहून घ्यावे.

लोडर, सफाई कामगार आणि काउंटरवरचे अनेक जण कंत्राटदाराकडे असतात आणि मंदीत सर्वांत आधी त्यांनाच काढले जाते. कंत्राटदाराने केलेल्या कामाचा पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर, म्हणजे काम करवून घेणाऱ्या कंपनीवर, येते, म्हणून मागणीपत्र दोघांनाही पाठवावे. ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) सदस्य असणाऱ्यांनी नोकरी गेल्यास अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी जवळच्या शाखेत करावी. तिच्यात सरासरी दैनिक कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते, त्यामुळे सध्याची मुदतही तेथेच विचारावी.

कर्जाचा हप्ता चुकण्यापूर्वी बँकेकडे जावे, चुकल्यावर नव्हे. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट अशी हप्त्यांना सवलत मिळाली, तरी व्याज चढतच राहिले होते. तेव्हा हप्ता पुढे ढकलून मिळाला म्हणजे तो माफ झाला असे समजू नये. कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज विमा चालू असतानाच द्यावा, विशेषतः घरात आई-वडिलांचे औषधपाणी चालू असेल तर.

नवे काम शोधताना मालवाहतुकीकडे आधी पाहावे, कारण प्रवासी विमाने थांबली तरी औषधे आणि पार्सले थांबत नाहीत, हे २०२० मध्ये दिसले. नवी मुंबईचा विमानतळ आणि नागपूरच्या मिहानमधील विमान देखभाल केंद्र ही घराजवळची ठिकाणेही तपासावीत. अर्ज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करावा. मुलाखत, गणवेश किंवा विमानतळ प्रवेशपत्राच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.