सेंट क्लेअरचा स्मॉलमाउथ: उन्हाळ्यात गाइडबरोबर शिकायला जाणाऱ्यांसाठी

डेट्रॉईटच्या आसपास नोकरीनिमित्त आलेली मराठी माणसं उन्हाळा लागला की विचारू लागतात: सेंट क्लेअर तलावावर स्मॉलमाउथ बास हा मासा गरवायचाय, गाइड घ्यावा का? घ्यावा. पहिल्या एक-दोन वेळेला तरी नक्की घ्यावा. पण पैसे भरण्याआधी स्वतःशी एवढं ठरवा, की तुम्हाला माशासोबत फोटो हवाय की हात तयार करायचाय. दोन्हीसाठी वेगवेगळे गाइड असतात. रॉड, रील, गाठी यांची तोंडओळख तुम्हाला आहे असं धरून लिहितेय. त्यापुढचं, ज्याने शिकताना माझा फार जीव खाल्ला, ते सांगते.

आधी तलाव समजून घ्या. ह्यूरन आणि ईरी या दोन महासरोवरांच्या मधे हा बसलाय. वरून सेंट क्लेअर नदी पाणी आणते, खालून डेट्रॉईट नदी घेऊन जाते. पसारा अकराशे चौरस किलोमीटरच्या घरात, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. जहाजांसाठी खणलेला मार्ग सोडला तर २१ फुटांच्या खाली तळ जातच नाही. उन्हाळ्यात याच गोष्टीने नवखा माणूस गोंधळतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की पाणी तापलं की बास खोल जातो. इथे खोल जाणार कुठे? बारा ते अठरा फुटांच्या त्या सपाट मैदानात गवत संपून वाळू लागते, वाळूत मधेच गोट्यांचा पट्टा येतो, एखादं फूटभर उंचीचं टेकाड असतं, आणि मासा तिथे असतो. वरून बघितलं तर सगळं पाणी सारखंच. गाइडला पैसे देतो ते मुख्यतः या माहितीचे. म्हणून बोट थांबली की दर वेळी विचारा, "इथेच का थांबलो?" चांगला गाइड या प्रश्नाने खूश होतो. जो कपाळाला आठ्या घालतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं कारण नाही.

१९८८ मध्ये याच तलावात झेब्रा शिंपले सापडले. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून ते युरोपकडून आले होते. नखाएवढा एक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो. पाणी नितळ झालं, ऊन तळापर्यंत पोचलं, गवत माजलं. मग १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत राउंड गोबी हा बोटभर लांबीचा परका मासा दिसला. तो हे शिंपले खातो, आणि स्मॉलमाउथ त्याला खातो. दोन्ही परके जीव तलावाला तापच आहेत, पण बास मात्र या गोबींवर पोसला गेला. २०१३ मध्ये बासमास्टर मासिकाने अमेरिकेतल्या बासच्या तलावांत सेंट क्लेअरला पहिला क्रमांक दिला.

हे सगळं सांगण्याचं कारण तुमच्या आमिषात आहे. गोबीला पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो पाण्यात तरंगत राहू शकत नाही. तळाला चिकटून थोडा सरकतो, थांबतो, परत सरकतो. म्हणून इथले गाइड पोकळ रबरी ट्यूब, आत शिशाचं डोकं असलेला गळ, असं वाऱ्यावर वाहणाऱ्या बोटीमागे तळावरून ओढायला लावतात. रंग बहुधा शेवाळी हिरवा किंवा धुरकट. रॉड उचलून आमिष उड्या मारत नेऊ नका, गोबी तसा कधी चालत नाही. वारा जास्त असला की बोट भरधाव वाहू लागते आणि ट्यूब तळ सोडते. तेव्हा पाण्यात छत्रीसारखा उघडणारा ड्रिफ्ट सॉक सोडून वेग मारतात.

आता मुख्य गोष्ट. ही जरा सविस्तर लिहिते, कारण मी यातच अडकले होते, आणि कोकणातून आलेला जवळजवळ प्रत्येक जण यातच अडकतो.

आम्ही खाडीवर गरवायला शिकलो ते हातात तंगूस धरून. बोटाला टोचणी लागली की हिसका. काकांनी, मामांनी तेच शिकवलं आणि तिथे ते बरोबरही होतं, कारण मासा पायाखाली असतो आणि तंगूस ताठ असतं. सेंट क्लेअरवर तुमची ट्यूब बोटीच्या मागे साठ-सत्तर फुटांवर असते. मधल्या दोऱ्याला वाऱ्याने पोट आलेलं असतं. इथे हिसका मारलात तर फक्त ते पोट सरळ होतं. गळ जागचा हलत नाही. माशाला मात्र तोंडातलं काहीतरी खेचलं गेल्याचं कळतं आणि तो थुंकून टाकतो. आणि समजा दोरा योगायोगाने ताठ होता, तर आणखी वाईट. रीलवर हल्ली ब्रेडची, म्हणजे विणलेली, दोरी असते, ती ताणतच नाही. हिसक्याचा सगळा जोर गळावर जातो आणि ओठाची कातडी फाटून गळ सुटतो. ड्रॉप-शॉटचा, म्हणजे शिसं टोकाला आणि गळ त्याच्या थोडा वर अशा बांधणीचा, बारीक तारेचा गळ असेल तर तो उघडतोसुद्धा.

म्हणून क्रम असा: आधी रॉडचं टोक माशाच्या दिशेने थोडं खाली न्या. रील फिरवा. दोऱ्याचं पोट संपून टोकावर वजन येईपर्यंत फिरवा. मग रॉड बाजूला, कमरेच्या उंचीवरून, दाब देत न्या. वर नाही, बाजूला. ट्यूबचा गळ जाड असतो, त्याला हा दाब जरा ठाम लागतो. ड्रॉप-शॉटला नुसतं रील फिरवत राहिलात तरी गळ रुततो.

पण हे करायचं केव्हा? खरी अडचण तिथेच आहे. ओढत्या ट्यूबवर स्मॉलमाउथ बहुतेक वेळा टोचत नाही. तो मागून येतो, ट्यूब तोंडात घेतो आणि बोटीच्याच दिशेने पोहत राहतो. हाताला लागतं ते फक्त जडपण, किंवा कधी उलटंच, आतापर्यंत जाणवणारं शिशाचं वजन एकदम नाहीसं होतं. तुम्ही म्हणता गवत अडकलं. गवत अडकलं म्हणून रॉड झटकता, आणि मासा गेलेला असतो. तो मासा होता हे कळतही नाही, म्हणून दिवसभर "आज चावतच नाहीत" म्हणत बसता आणि शेजारी गाइड मासे काढत असतो.

गवत आणि मासा यातला फरक शब्दांत सांगता येतो, पण बोटांना बसायला वेळ लागतो. गवताचं वजन हळूहळू वाढतं आणि मेलेलं असतं, बादलीतून ओलं धोतर उचलावं तसं. शिंपल्यांचा पट्टा लागला तर बारीक खरखर येते, एकसारखी. माशाचं वजन एका क्षणात येतं, आणि त्यानंतरच्या सेकंदात ते थोडं डावी-उजवीकडे सरकतं. त्या एका सेकंदात काहीच करू नका. हात स्थिर ठेवून दोरा बघा. पाण्यात शिरतो ती जागा बाजूला जायला लागली की रील फिरवा. शंका आली तरी रील फिरवा, रॉड झटकू नका. गवत असेल तर गवत येईल, काही बिघडत नाही.

गाइडला सकाळीच सांगा: "पहिला तासभर मला फक्त तळ ओळखायला शिकव." शिशाखाली वाळू आहे, गवत आहे की गोटे, हे तुम्ही बोलून दाखवायचं आणि त्याने स्क्रीनवर बघून चूक-बरोबर सांगायचं. त्या तासात एकही मासा लागला नाही तरी चालेल. मी ज्याच्याकडून खऱ्या अर्थाने शिकले त्याने हेच केलं. त्याच्याआधी एका गाइडने दिवसभर स्वतः मासा अडकवून रॉड माझ्या हातात दिला होता. घरी जाताना मोबाइलमध्ये भरपूर फोटो आणि हातात शून्य. अशा गाइडपासून लांब राहा. फोनवर सरळ विचारा, "मासा मीच अडकवायचा असं चालेल ना? हुकला तर हुकला." उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरा शोधा.

हाच राग माझा ध्वनिलहरींनी मासा दाखवणाऱ्या नव्या सोनार यंत्रावर आहे, ज्यात बोटीच्या पुढचा मासा पडद्यावर जिवंत हलताना दिसतो. अनुभवी माणसाने वापरावा, माझं काही म्हणणं नाही. पण शिकाऊ माणूस पडद्याकडे बघत राहिला की बोटांकडे लक्ष जात नाही. पहिल्या हंगामात तो बंद ठेवायला सांगा.

मासा लागला की तो उडी मारणार. स्मॉलमाउथ उडतोच. दोरा वर यायला लागलेला दिसला की रॉडचं टोक खाली, पाण्याजवळ न्या आणि दोरा ताठ ठेवा. घाबरायचं काम नाही, उडीत मासे सगळ्यांचेच सुटतात, गाइडचेसुद्धा. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा किती सहज सुटावा ती पकड, मात्र सकाळीच गाइडकडून लावून घ्या आणि मधे हात लावू नका.

नियमांत हयगय नको. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मिशिगनचं फिशिंग लायसन्स लागतं, ते गाइडच्या पैशांत येत नाही. तलावाचा मोठा भाग कॅनडाच्या हद्दीत आहे आणि हद्दीची रेघ पाण्यावर दिसत नाही, जीपीएसवर दिसते. पलीकडे गळ टाकायचा तर ऑन्टारिओचं वेगळं लायसन्स हवं. बास पकडून सोडायला मिशिगनमध्ये वर्षभर मुभा आहे, पण सेंट क्लेअरवर ठेवून घ्यायचा हंगाम जूनच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, किमान १४ इंच आणि दिवसाला पाचच. त्या वर्षीचं नियमपत्रक एकदा नजरेखालून घाला. गळाला गोबी लागला तर त्याला जिवंत बादलीत ठेवू नका, ते बेकायदा आहे. गाइड स्वतः कोस्ट गार्डचं कॅप्टन लायसन्स असलेला हवा. ते दाखवा म्हणायला संकोच करू नका.

आणि खाण्याबद्दल. मासा म्हटलं की आपल्याला तवा, रवा आणि आगळ आठवतं, मलाही आठवतं. तरी स्मॉलमाउथ सोडा. चौदा इंचांचा व्हायला त्याला इथल्या थंड पाण्यात चार-पाच वर्षं लागतात, आणि चार पौंडांची मादी म्हणजे कित्येक वर्षांचं बियाणं. तळून खायचा तर पिवळा पर्च किंवा वॉलाय धरा, चवीलाही तेच सरस आहेत, आणि तेही राज्याच्या मासे खाण्याबाबतच्या सूचना वाचून.

सोडायचा म्हणजे नुसता पाण्यात टाकायचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तापतं, त्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेल्या माशाला तो जास्त लागतो. खेळवत बसू नका, लवकर आणा. हात आधी ओले करा. जबड्याला धरून आडवा लोंबकळत ठेवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. फोटो काढणाऱ्याने मोबाइल आधी तयार ठेवायचा, मगच मासा पाण्याबाहेर. मी यावर बोटीत पाहुण्यांशी भांडलेली आहे आणि पुन्हा भांडेन.

बाकी तयारी फार नाही. पोलराइज्ड गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, भरपूर पाणी. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, कारण उथळ तलावाच्या लाटा आखूड आणि उभ्या असतात, पोट लगेच ढवळतं. केळी घरीच ठेवा. बोटीवर केळं अपशकुनी मानणारे कॅप्टन इथे खूप आहेत, आणि दुसऱ्याच्या बोटीवर त्याचं मानावं. दिवसाअखेर पंधरा-वीस टक्के टिप द्यायची रीत आहे, ती हिशेबात आधीच धरा.

तारीख शक्यतो कामाच्या दिवशीची मागा, शनिवार-रविवारी किनाऱ्यावरच्या मेट्रोपार्क उद्यानापासून अँकर बे या खाडीपर्यंत पाण्यावर गर्दी उसळते. जूनअखेरीला किनाऱ्यावरच्या दिव्यांखाली फिशफ्लाय या उडणाऱ्या किड्यांचे ढीग दिसले तर थोडं पुढे ढकलता येतं का ते बघा, त्या दिवसांत बासचं पोट त्यांनीच भरलेलं असतं. आणि गाइडने आदल्या रात्री वाऱ्यामुळे रद्द केलं तर हुज्जत घालू नका, दुसरी तारीख घ्या.