अर्लँगमध्ये चालू नोडवर कोड पाठवताना

एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर कोड धाडायचा आणि तिथलं काम न थांबवता तो लागू करायचा, ही सोय मुळातच असलेल्या भाषा मोजक्या. त्यांतली सर्वात मुरलेली अर्लँग. एरिक्सनने ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवली आणि १९९८ मध्ये खुली केली. कोड पाठवणं इथे दोन ओळींचं काम आहे. घाम निघतो तो जुन्या कोडमध्ये फिरणाऱ्या प्रोसेस (अर्लँगमधली स्वतंत्र चालणारी एकेक कामं) नव्यावर आणताना. (खालची नावं देवनागरीत आहेत, टाइप मात्र रोमनमध्येच करायची.)

आधी दोन नोड, म्हणजे अर्लँगच्या दोन चालू प्रती, जोडा. दोन टर्मिनलांत 'अर्ल' हा आदेश 'एसनेम' पर्यायासह चालवा. नावं वेगवेगळी, पण 'सेटकुकी'चा शब्द, म्हणजेच कुकी (नोडांचा सामायिक परवलीचा शब्द), दोन्हीकडे एकच. मग एकावरून 'नेट_ॲडम'मधलं 'पिंग' करा. 'पाँग' आलं तर जोडणी झाली, 'पँग' आलं तर नाही. कुकी जुळत असूनही पँग येत असेल, तर एक नोड 'एसनेम'ने आणि दुसरा 'नेम'ने सुरू केलेला असू शकतो. त्या दोघांचं कधीच जमत नाही. नाहीतर अडथळा फायरवॉलचा. ४३६९ हा पोर्ट फक्त पत्ता सांगणाऱ्या 'ईपीएमडी'चा असतो, नोड आपसात बोलतात दुसऱ्याच पोर्टवर. 'आयनेट_डिस्ट_लिसन_मिन' आणि '_मॅक्स' देऊन त्याची मर्यादा ठरवा आणि तेवढेच पोर्ट उघडा.

आता पाठवणी. 'कोड' मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे फंक्शनांचा एक गट) 'गेट_ऑब्जेक्ट_कोड' हे फंक्शन नाव, बायनरी (कंपाइल झालेला कोड), फाइल अशा क्रमाने तीन गोष्टी देतं. 'ईआरपीसी'च्या 'कॉल'ने समोरच्या नोडवर 'लोड_बायनरी' चालवायचं, पण त्याला क्रम लागतो नाव, फाइल, बायनरी असा. इथे हमखास गल्लत होते. ('ईआरपीसी' ओटीपी २३ पासून आहे, ओटीपी म्हणजे अर्लँगसोबत येणारा लायब्ररींचा संच; त्याआधी 'आरपीसी'.) जोडलेल्या सगळ्या नोडांवर एकदम पाठवायचं तर शेलमध्ये 'एनएल' पुरे.

असा लोड केलेला कोड फक्त मेमरीत राहतो. नोड पुन्हा सुरू झाला की डिस्कवरची जुनी आवृत्तीच वर येते, म्हणून फाइलही तिथे ठेवा. मॉड्यूल ज्यांना हाक मारतं ती मॉड्यूलं आपोआप जात नाहीत, सी भाषेत लिहून जोडलेली फंक्शनं, म्हणजे निफ, तीही नाहीत. कंपाइल नेहमी ताफ्यातल्या सर्वात जुन्या ओटीपीवर करा. उलट केलंत तर लोड होईलच असं नाही.

निनावी फंक्शन पाठवण्याचा मोह होतो, तिथे सांभाळून. शेलमध्ये लिहिलेलं फंक्शन दुसऱ्या नोडवर बिनबोभाट चालतं, कारण ते आपला मजकूर सोबत नेतं. तेच कंपाइल केलेल्या मॉड्यूलमधून पाठवलं तर फक्त बांधलेल्या किमती जातात, कोड जात नाही. तिकडे मॉड्यूल नसेल तर 'अनडेफ' ही एरर येते, वेगळी आवृत्ती असेल तर 'बॅडफन'. शेलमधली चाचणी म्हणूनच फसवी.

नव्या कोडवर येण्याचा नियम साधा आहे, पण कडक. एका मॉड्यूलच्या एका वेळी दोनच आवृत्त्या राहतात. प्रोसेस आपल्या 'लूप'ला नुसत्या नावाने हाक मारत असेल तर ती जुन्यातच फिरत राहते. 'मॉड्यूल:लूप' अशी पूर्ण हाक असेल तरच नव्यावर उडी मारते. तिसरी आवृत्ती लोड झाली की सर्वात जुन्यात अडकलेल्या प्रोसेस सरळ मारल्या जातात. म्हणून त्याआधी 'सॉफ्ट_पर्ज' करा, ते जुनी आवृत्ती तिच्यात कोणी नसेल तरच काढतं. 'फॉल्स' आलं म्हणजे जुन्यात अजून कोणीतरी आहे, थांबा.

'जेन_सर्व्हर'च्या (ओटीपीतला सर्व्हर प्रोसेसचा तयार साचा) स्टेटची, म्हणजे त्याने जपलेल्या माहितीची, रचना बदलत असेल तर 'सिस' मॉड्यूल वापरा: 'सस्पेंड', मग नवा कोड लोड, मग 'चेंज_कोड', शेवटी 'रिझ्यूम'. 'चेंज_कोड' तुमचं 'कोड_चेंज' फंक्शन बोलावतं, जुनी रचना नवीत बदलायची ती तिथेच. अनेक नोड असतील तर सगळे एका क्षणी बदलतील ही आशा सोडा. आधी जुने आणि नवे असे दोन्ही संदेश ओळखणारी आवृत्ती सगळीकडे पोचवा, नवे संदेश पाठवायला त्यानंतरच सुरुवात करा.

मधेच नोड गेला तर कळायला वेळ लागू शकतो. 'नेट_टिकटाइम' (नोड जिवंत आहे का हे तपासण्याचा अवधी) मुळात ६० सेकंद असतो, त्यामुळे गप्प पडलेला नोड ४५ ते ७५ सेकंदांत पकडला जातो. पलीकडच्या प्रोसेसवर 'मॉनिटर' (ती संपली की कळवणारी पाळत) लावा आणि 'नोकनेक्शन', म्हणजे जोडणी तुटल्याचा संदेश, आलं तर त्या नोडवर कोणती आवृत्ती चालू आहे हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि कुकीला कुलूप समजू नका. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या नोडवर काहीही चालवू शकतो, शिवाय नोडांमधला मजकूर मुळात उघडाच जातो. खासगी नेटवर्कबाहेर 'प्रोटो_डिस्ट' या पर्यायाला 'आयनेट_टीएलएस' (मजकूर कूटबद्ध करणारी जोडणी) दिल्याशिवाय नोड जोडू नका.