जिंकलेल्या सामन्यानंतर क्वार्टरबॅकच्या खेळाचे मोजमाप कसे करावे

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये संघ हरला की क्वार्टरबॅकवर, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूवर, खापर फुटते, हे ठरलेलेच आहे. पण संघ जिंकल्यानंतर त्याच्यावरून होणारा वाद अधिक चिवट असतो. एका बाजूला विजय हाच पुरावा वाटतो, तर दुसरी बाजू म्हणते की याच खेळावर पुढचा तगडा प्रतिस्पर्धी हरणार नाही. हा वाद मुद्द्याला धरून कसा करावा, हे समजून घेण्यासाठी मिशिगन विद्यापीठाचा २०२३ चा हंगाम फार उपयोगी आहे. अ‍ॅन आर्बरच्या या संघाने त्या हंगामात सर्वच्या सर्व १५ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि तरीही जे. जे. मॅकार्थी या क्वार्टरबॅकच्या खेळाविषयी चाहत्यांमध्ये अखेरपर्यंत एकमत नव्हते.

या खेळाशी नवी ओळख असलेल्यांसाठी एवढे पुरे: आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी, म्हणजे डाऊन, मिळतात; तेवढ्यात जमले नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि तो एकतर धावणाऱ्या खेळाडूकडे सोपवतो, पास फेकतो किंवा स्वतः धावतो.

सुरुवात आकड्यांपासून करावी, पण ते आकडे कसे तयार होतात हे आधी नीट पाहावे. कॉलेज फुटबॉलमधील पासर रेटिंगचे, म्हणजे पास देण्याच्या खेळाला मिळणाऱ्या गुणांकाचे, सूत्र सोपे आहे: पासचे यार्ड गुणिले ८.४, प्रत्येक टचडाऊनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवणाऱ्या पासचे) ३३०, प्रत्येक पूर्ण पासचे १००, या सर्वांच्या बेरजेतून प्रत्येक इंटरसेप्शनचे (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या पासचे) २०० वजा, आणि आलेल्या संख्येला फेकलेल्या एकूण पासांनी भागायचे. हे गणित मॅकार्थीच्या दोन विजयांवर करून पाहावे. १६ सप्टेंबर २०२३ रोजी बोलिंग ग्रीनविरुद्ध त्याने १३ पैकी ८ पास पूर्ण केले, १४३ यार्ड आणि २ टचडाऊन मिळवले, पण तब्बल ३ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले. संघ ३१-६ असा जिंकला. २५ नोव्हेंबरला, तोवर अपराजित असलेल्या ओहायो स्टेटविरुद्ध, त्याने २० पैकी १६ पास पूर्ण करून १४८ यार्ड आणि १ टचडाऊन मिळवले, एकही इंटरसेप्शन होऊ दिले नाही आणि संघ ३०-२४ असा जिंकला. पहिल्या सामन्याचे रेटिंग येते १५८.६ आणि दुसऱ्याचे १५८.७. ज्याने हे दोन्ही सामने पाहिले आहेत, तो या दोन खेळांना सारखे म्हणणार नाही. पूर्ण हंगामात मॅकार्थीची इंटरसेप्शन्स चारच होती आणि त्यांपैकी तीन त्या एका सोप्या विजयातली होती. म्हणून कोणी केवळ रेटिंग पुढे केले, तर त्यामागचे चारही घटक मागून घ्यावेत.

आकड्यांचा आणखी एक सापळा सॅकचा आहे. कॉलेजच्या नोंदीत क्वार्टरबॅक पास देण्याआधीच पाडला गेला, तर गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, पासच्या खात्यातून नाही. त्यामुळे चेंडू फार वेळ हातात धरून ठेवणाऱ्या खेळाडूचे पासचे आकडे स्वच्छ दिसतात. सॅक वेगळे मोजून ते पासांच्या शेजारी मांडावेत.

यानंतर, प्रशिक्षकांनी त्या दिवशी क्वार्टरबॅककडून मागितले तरी काय, हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ११ नोव्हेंबरला बीव्हर स्टेडियममध्ये मिशिगनने पेन स्टेटला २४-१५ असे हरवले, तेव्हा मॅकार्थीच्या नावावर फक्त ८ पास होते. ७ पूर्ण झाले आणि ६० यार्ड मिळाले. उत्तरार्धात त्याच्या खात्यात एकाही पासची नोंद नाही. मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांच्यावर त्या दिवशी बंदी असल्याने संघ शेरॉन मूर यांच्या हाती होता. पेन स्टेटचे चॉप रॉबिन्सन आणि अडिसा आयझॅक हे कडेने धडकणारे बचावपटू वेगवान होते आणि पेन स्टेटचे आक्रमण स्वतःहून फारसे पुढे सरकत नव्हते. तेव्हा मूर यांनी चेंडू ब्लेक कोरम या धावणाऱ्या खेळाडूकडे सोपवत राहण्याचा मार्ग धरला, आणि कोरमने २६ वेळा धावून १४५ यार्ड काढले. छोट्या धावसंख्येचा पाठलाग करताना एकेरी-दुहेरी धावा घेत नाबाद राहिलेल्या फलंदाजाला आपण स्ट्राइक रेटवरून नावे ठेवत नाही. इथेही तोच न्याय लावावा. मात्र ६० यार्ड ही नालायकी ठरत नाही, तशीच ती कर्तबगारीही ठरत नाही. अशा सामन्यावरून क्वार्टरबॅकविषयी निष्कर्षच काढू नये. पुढच्याच आठवड्यात मेरीलँडविरुद्धच्या ३१-२४ अशा विजयात त्याने २३ पैकी १२ पास पूर्ण केले आणि एक इंटरसेप्शन दिले. शंका घेणाऱ्यांनी आपला मुद्दा त्या सामन्यावर उभा करणे अधिक योग्य होते.

आता सामना पुन्हा पाहावा. सर्व चाली पाहण्याइतका वेळ नसेल तर तिसऱ्या आणि चौथ्या डाऊनच्या चाली निवडाव्यात, कारण तिथे बरेचदा पास येणार हे बचावालाही ठाऊक असते. प्रत्येक पाससाठी वहीत आधी निर्णय लिहावा, मग फेक, आणि परिणाम सर्वांत शेवटी: कोणता रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, मोकळा होता, क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या पुढच्या फळीने वेळ किती दिला, चेंडू हव्या त्या ठिकाणी गेला का. हा क्रम पाळण्याचे कारण १ जानेवारी २०२४ च्या रोज बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात, दिसते. अलाबामाविरुद्धच्या पहिल्याच चालीत मॅकार्थीचा पास अलाबामाच्या केलेब डाऊन्सने झेलला, परंतु झेलण्याआधी डाऊन्सचा पाय मैदानाबाहेर पडल्याचे फेरतपासणीत दिसले आणि इंटरसेप्शन रद्द झाले. तक्त्यात तो नुसता एक अपूर्ण पास आहे. वहीत मात्र तो चुकीचा निर्णय म्हणूनच राहिला पाहिजे.

त्याच सामन्यात उलटे उदाहरणही आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये मिशिगन १३-२० असे मागे असताना, चौथ्या डाऊनवर २ यार्ड हवे होते, आणि मॅकार्थीने कोरमला छोटा पास दिला. २७ यार्ड मिळाले, त्यांतले बरेचसे कोरमच्या पायांचे होते. यार्डांचे श्रेय कोरमला द्यावे, पण हुकल्यास हंगाम जवळजवळ संपणार अशा क्षणी योग्य माणसाकडे वेळेत चेंडू दिल्याचे श्रेय क्वार्टरबॅकचेच आहे. पुढे रोमन विल्सन या रिसीव्हरला दिलेल्या पासवर टचडाऊन झाला, बरोबरी साधली गेली आणि जादा वेळेत मिशिगन २७-२० असे जिंकले.

इंटरसेप्शनचीही अशीच फोड करावी. बचावाची मांडणी ओळखण्यात झालेली चूक सर्वांत गंभीर, कारण ती चांगल्या प्रतिस्पर्ध्यापुढे वाढते. हात चुकल्याने गेलेला पास त्याहून कमी, आणि रिसीव्हरच्या हातून उडालेला चेंडू क्वार्टरबॅकच्या नावावर लिहूच नये.

ही वही निदान चार-पाच सामने चालवावी आणि प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा शेजारी लिहावा. मग वादात उतरताना समोरच्याला एवढेच विचारावे की त्याचे म्हणणे नेमक्या कोणत्या चालीविषयी आहे, आणि ती चाल दोघांनी एकत्र बसून पुन्हा पाहावी.