भडंगाचा डबा वर, काकडीची ताटली समोर

संध्याकाळी पोरं शाळेतनं आली की हात थेट ओट्यावरच्या भडंगाच्या बरणीकडं. मग रात्री भाकरी ताटात तशीच. रागावून उपयोग झाला नाही, डब्यांच्या जागा बदलल्या तेव्हा फरक पडला.

१. भडंग, फरसाण, बिस्किटं स्टीलच्या डब्यात भरून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवा. काचेची बरणी नको. दिसलं की हात जातोच.

२. ओट्यावर त्याच जागी फळांची टोपली. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटातनं आणलेले पेरू धुऊन, कोरडे पुसूनच टोपलीत ठेवा. पिशवीत पडलेला पेरू आमच्यात कुणी स्वतःहून उचलत नाही, तोच पुसून समोर ठेवला की दोन दिवसांत संपतो.

३. पोरं यायच्या अर्धा तास आधी काकडी, गाजर चिरून ताटली तयार. वर लिंबू आणि चिमूटभर कांदा-लसूण चटणी. ही चटणी फार महत्त्वाची! तिच्याशिवाय आमचा धाकटा गाजराला हात लावत नाही.

४. मोड आणून वाफवलेली मटकी फ्रीजमध्ये डोळ्यांसमोरच्या कप्प्यात, पारदर्शक डब्यात.

भडंग बंद करू नका, नाहीतर पोरं बाहेर जाऊन खातात. खायचं तेव्हा वाटीत काढून द्या, डबा समोर ठेवू नका.

एक काळजी घ्या: लहान मुलांना आणि गरोदर बाईला मोड कच्चे देऊ नका, नीट शिजवूनच द्या. मटकी चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या.