खडीची वाट बदलताय? या चुका टाळा

कोकणात घरापुढच्या मुरूम-खडीच्या वाटेची चार-पाच पावसाळ्यांत काय गत होते, ते वेगळं सांगायला नको. चाकोऱ्या खोल जातात, मध्ये गवत माजतं आणि निम्मी खडी फाटकाबाहेरच्या गटारात जाऊन बसते. मे महिन्यात घरची मंडळी गावी जमली की ठरतं, यंदा पेव्हर टाकून टाकू.

पेव्हर की काँक्रीट हा प्रश्न नंतरचा. आधी खडी का गेली ते शोधा. जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन वाटेवर उभे राहा. पाणी पागोळ्यांचं आहे की वरच्या भरडातून, म्हणजे चढावरच्या जमिनीतून येतंय? वाट आडवी ओलांडतंय की तिच्यावरूनच धावतंय? जिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे हे न बघता टाकलेला कुठलाही थर उखडतो. वरून येणारं पाणी वाटेआधीच चर खणून अडवा आणि गरज असेल तिथे खालून पाइपची मोरी काढा. वाटेला आडवा उतार हवाच, 50 ला 1. म्हणजे तीन मीटर रुंदीला सहा सेंटीमीटर, आणि तोही घरापासून दूर जाणारा.

दुसरी चूक ठेकेदाराच्या एका वाक्याने होते: ‘खाली खडी आहेच की, त्यावरच बसवू.’ ती खडी आता चिखलात मिसळलेली असते, ती भार धरत नाही. घट्ट थर लागेपर्यंत उकरा. चांगली खडी चाळून परत वापरता येते. मुरूम किंवा खडी 10-15 सेंटीमीटरच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. खाली जांभ्याचा कातळ असेल तर काम थोडक्यात आटपतं. भाताच्या मळीत भराव टाकलेला असेल तर घाई करू नका, तो आधी नीट दबू द्या. देशावर काळी माती असेल तर ती काढूनच टाका. पावसात फुगून आणि उन्हाळ्यात भेगाळून ती वरचं सगळं हलवते.

पेव्हरमध्ये जाडी चुकते. नुसत्या मोटारीला 60 मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो, पण पाण्याचा टँकर किंवा चिऱ्यांचा ट्रक आत येणार असेल तर 80 चाच घ्या. आमच्याकडे मी 60 चे बसवले. पुढच्याच उन्हाळ्यात गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीसाठी, चिऱ्यांचा ट्रक आत आला आणि दोन चाकांच्या रेषा कायमच्या उमटल्या. खालची वाळू 3-4 सेंटीमीटरच हवी. खड्डे वाळूने भरून सपाटी आणली की तिथेच ब्लॉक खचतो. कडेला काँक्रीटमध्ये रोवलेले कर्ब, म्हणजे काठाचे उभे ठोकळे, नसतील तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात.

चढाच्या वाटेला मी काँक्रीटच सुचवेन, वर झाडूच्या आडव्या रेघा ओढून. गुळगुळीत घोटलेल्या चढावर शेवाळ धरलं की माणूस पडतोच. दर तीन मीटरवर सांधा कापून घ्या, जाडीच्या किमान चौथ्या हिश्शापर्यंत आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी; नाहीतर काँक्रीट आपल्या मर्जीने तडकतं. काँक्रीटवर मातीचे वाफे करून किमान सात दिवस पाणी साठवून ठेवा.

डांबर छोट्या वाटेसाठी सोडून द्या. गरम माल लांबून येईपर्यंत निवतो आणि मग नीट दबत नाही.

जांभ्याच्या पाखाडीचं, म्हणजे चिरे बसवलेल्या वाटेचं, रूप मला सगळ्यांत आवडतं. पण मऊ चिरा चाकांखाली झिजतो, तो पायवाटेला ठेवा. अंगण मात्र कडेपासून कडेपर्यंत झाकू नका. पाणी जमिनीत मुरून विहिरीला मिळायला हवं. चाकांपुरते दोन पट्टे आणि मध्ये हिरवळ, हा उपाय स्वस्तही पडतो.

पेव्हर आधीच बसवलेत आणि खचलेत? सगळं उखडू नका. खचलेल्या भागाच्या हातभर बाहेरपर्यंत ब्लॉक उचला, खालचा भराव पाणी मारून धुम्मसाने ठोका, नवी वाळू सारखी करा आणि तेच ब्लॉक परत बसवा. सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडून भरा. पहिल्या कामाच्या वेळीच वीस-पंचवीस ब्लॉक जास्तीचे घेऊन पडवीमागे रचून ठेवले असतील तर फुटलेल्यांच्या जागी त्याच रंगाचे मिळतात.